घरातली क्लाइंबिंग वॉल : मांडणी आणि बांधणी

घरातली क्लाइंबिंग वॉल म्हणजे लोखंडी किंवा लाकडी सांगाड्यावर तिरपी बसवलेली जाड प्लायवुडची पाटी. पाटीला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असतात, भोकांच्या मागे नट ठोकलेले असतात आणि पुढून रेझिनच्या किंवा लाकडाच्या पकडी बोल्टने आवळलेल्या असतात. उंची बहुतेक वेळा तीन मीटरच्या आतच राहते. त्यामुळे दोर, हार्नेस, बिले यांतले काही लागत नाही. खाली जाड गादी पुरते. दोराशिवाय, पडले तरी चालेल एवढ्याच उंचीवर केलेल्या चढाईला बोल्डरिंग म्हणतात, आणि घरात शक्य असते ते एवढेच.

कृत्रिम भिंतीचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले, तेव्हापासून तो सांगितला जातो. बोल्टने बसवता-काढता येणाऱ्या रेझिनच्या पकडी ऐंशीच्या दशकात बाजारात आल्या आणि एकाच भिंतीवर दर महिन्याला नवी वाट आखता येऊ लागली. घरगुती भिंतीचे कूळ मात्र या मोठ्या सार्वजनिक भिंतींत नाही. ते तळघरांत आणि व्यायामशाळांच्या कोपऱ्यांत रचलेल्या सरावपाट्यांत आहे. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिश याने १९८८ मध्ये न्यूर्नबर्गच्या 'कॅम्पस सेंटर' या व्यायामशाळेत तिरप्या पाटीवर लाकडी पट्ट्या बसवल्या आणि पाय न टेकवता नुसत्या बोटांवर वर सरकण्याचा सराव केला. त्या सरावाचे फळ म्हणजे १९९१ मधली 'अ‍ॅक्शन डिरेक्ट' ही चढाई. शेफील्डच्या बेन मूनने पुढे 'मूनबोर्ड' आखला. त्यात भिंतीचा कोन ४० अंश, ११ उभे स्तंभ, १८ आडव्या ओळी, दोन भोकांत २० सेंटिमीटर आणि कोणत्या भोकात कोणती पकड कोणत्या दिशेला तोंड करून बसवायची हेसुद्धा ठरलेले. त्यामुळे शेफील्डमधल्या खोलीत रचलेला प्रॉब्लेम, म्हणजे बोल्डरिंगची वाट, जगात कुठेही त्याच मांडणीच्या मूनबोर्डवर जशीच्या तशी चढता येते.

महाराष्ट्रात अशा भिंतीची गरज मुख्यतः पावसाळा निर्माण करतो. सह्याद्रीच्या बेसाल्टवर प्रस्तरारोहणाचा हंगाम कोरड्या महिन्यांतला. जून ते सप्टेंबर कातळ ओला, शेवाळलेला आणि पकडी निसरड्या. सार्वजनिक भिंती पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहेत, इतरत्र विरळाच. बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतली स्पर्धा २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत झाली. 'गिरिविहार' या मुंबईतल्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने ती भरवली होती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आल्यावर तर शाळकरी मुलेही घरी भिंत हवी म्हणू लागली.

भिंत बांधताना सर्वांचे डोळे रंगीत पकडींवर असतात, पण पकडी केव्हाही बदलता येतात. कोन, सांगाडा आणि प्लायमागचे नट या गोष्टी एकदा झाल्या की झाल्या. म्हणून पैसा आणि विचार आधी मागच्या बाजूवर खर्चावा.

पहिला निर्णय कोनाचा. कोन उभ्या रेषेपासून मोजतात. शून्य अंश म्हणजे सरळ उभी भिंत. नवशिक्याला सरळ भिंत सोपी आणि सुरक्षित वाटते. मोठ्या भिंतीवर सोपेपणा खराही आहे, कारण तिथे वजन पायांवर राहते. घरात मात्र ती निरुपयोगी ठरते. छत ९-१० फुटांवर असते आणि उभ्या माणसाचा हात साडेसहा-सात फुटांवर पोहोचतोच. दोन हालचालींत खेळ संपतो. पडतानाही सरळ भिंत त्रासदायकच, कारण अंग भिंतीला घासत खाली येते आणि खालच्या पकडी गुडघ्याला, हनुवटीला लागतात. पुढे झुकलेल्या भिंतीवरून, म्हणजे ओव्हरहँगवरून, हात सुटला की माणूस मोकळ्या हवेतून गादीवर पडतो. शिवाय त्याच छताखाली चढायला लांबी जास्त मिळते.

हा हिशेब कागदावर मांडायला शालेय त्रिकोणमिती पुरते. प्लायची लांबी गुणिले कोनाचा कोसाइन म्हणजे भिंतीची उभी उंची, आणि लांबी गुणिले साइन म्हणजे ती खोलीत किती पुढे येणार ते अंतर. ८ फुटांची, म्हणजे २४४० मिलिमीटरची पाटी २० अंशांवर सुमारे २२९० मिलिमीटर उंच होते आणि ८३५ मिलिमीटर पुढे येते. तीच ३० अंशांवर २११३ उंच आणि १२२० पुढे. ४० अंशांवर १८६९ उंच आणि १५६८ पुढे. तिच्याखाली जमिनीलगत फूटभर उंचीची उभी पट्टी लागते. तिला किकबोर्ड म्हणतात. बसून सुरुवात करताना पाय तिच्यावर ठेवायचे असतात आणि गादीची जाडीही तिच्याच उंचीत सामावते. छत ९ फुटांवर, म्हणजे सुमारे २७४० मिलिमीटरवर असेल, तर ३०० मिलिमीटरच्या किकबोर्डवर ४० अंशांत १० फुटांची पाटी नेमकी मावते : २३३६ अधिक ३००. पण ती जवळजवळ दोन मीटर पुढे येते, आणि पडायची जागा तिच्याही पुढे आणखी दीड-दोन मीटर. दहा बाय दहाच्या खोलीत मग ती बसतच नाही. मोजमाप करताना छताकडेच पाहू नये, तुळई छताखाली किती उतरली आहे तेही पाहावे. बहुतेक आराखडे चुकतात ते तिथे.

कोन किती असावा यावर चढाई करणाऱ्यांचे एकमत होणार नाही. घरात नवशिके आणि मुले असतील तर २० ते २५ अंश, नियमित चढणारे असतील तर ३० ते ४० अंश असे मानायला हरकत नाही. ४५ अंशांच्या पुढची भिंत हौसेने बांधली जाते आणि महिन्याभरात तिच्यावर कपडे वाळत पडतात. बिजागरीवर कोन बदलणारी भिंत मोहक असते. पण तिच्यात सगळा भार साखळ्यांवर आणि त्यांच्या टोकांच्या बोल्टवर येतो. पहिल्या भिंतीसाठी तो खटाटोप टाळलेला बरा. रुंदी निदान ८ फूट हवी. ४ फुटांच्या एका पाटीवर आडवी हालचाल होत नाही, नुसते शिडीसारखे वर जाणे होते.

यानंतरचा प्रश्न भिंत कशाला धरून ठेवायची हा. आपल्याकडच्या आरसीसी इमारतींत भार कॉलम, बीम आणि स्लॅब पेलतात. मधल्या भिंती नुसता आडोसा असतात. त्या विटांच्या असल्या तर निदान थोडा जोर सहन करतात, पण अलीकडच्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकमध्ये नेहमीचा फुगणारा अँकर फास्टनर बसवला तर ब्लॉकचा भुगा होऊन तो निसटून येतो. म्हणून भिंत भिंतीला नव्हे, बीमला किंवा कॉलमला बांधायची. बीममध्ये भोक पाडताना आतल्या सळईला ड्रिल लागले तर तिथे जोर न करता भोक सरकवावे. सळई कापणे म्हणजे इमारत कापणे. एका बाजूनेच आधार असलेल्या बाल्कनीच्या स्लॅबवर असा भार टांगू नये. जुन्या वाड्यांत, मातीच्या दर्जांच्या भिंतींत, कशालाच न टेकता स्वतःच्या पायांवर उभा राहणारा सांगाडा एवढाच मार्ग उरतो.

भार किती येतो याचा ढोबळ अंदाज काढता येतो. ४० अंशांच्या भिंतीच्या अगदी वरच्या पकडीला लोंबकळणाऱ्या माणसाचे जवळपास सगळे वजन भिंतीच्या वरच्या आधारावर येते. १८ मिलिमीटर जाडीच्या ८ बाय ४ च्या एका प्लायचे वजन सुमारे ३५ किलो. अडीच प्लाय, सांगाडा आणि पकडी मिळून भिंत २०० किलोच्या आसपास जाते, आणि त्यातला निम्मा वाटा वरच्या आधारावर असतो. ७० किलोचा माणूस उडी मारून पकड धरतो तेव्हा त्याचा झटका वजनाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरतो. म्हणजे वरच्या आधारांवर मिळून अडीचशे किलोच्या घरात भार येणार, तोही हिसके देत. नुसत्या आकड्यापेक्षा हा हिसका वाईट. त्याने बोल्ट हळूहळू सैल होतात. भार चार-पाच ठिकाणी वाटावा आणि प्रत्येक ठिकाणी कित्येक पट राखीव ताकद ठेवावी. निवासी खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. घरगुती भिंत त्यात सहसा बसते, पण वरच्या टांगणीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा एक तास विकत घ्यावाच. सोसायटीचे पत्रही त्याच्या कागदामुळे लवकर मिळते.

सांगाडा लाकडाचा की लोखंडाचा, हे ठिकाणावर ठरते. युरोप-अमेरिकेत सरळ, सुकवलेले पाइनचे बत्ते कुठेही मिळतात, म्हणून तिकडच्या सगळ्या आराखड्यांत सुमारे ५० बाय १५० मिलिमीटरचे लाकूड असते. आपल्याकडे तेवढे लांब, न पिळलेले, वाळवी न लागणारे लाकूड महाग पडते, आणि गल्लीतला फॅब्रिकेटर एमएस बॉक्स पाइपचा सांगाडा दोन दिवसांत करून देतो. इथे लोखंडच सोयीचे. फक्त वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइड लावायला विसरू नये, आणि मोठे भाग वेल्डिंगने न जोडता बोल्टने जोडावेत. स्वतःच्या पायांवर उभ्या सांगाड्याला एक नियम पाळावा लागतो : जमिनीवरचे पाय भिंतीच्या वरच्या कडेच्या ओळंब्याच्या पुढे गेलेले हवेत. वर लटकलेल्याचे वजन पायांच्या आतच राहिले तर सांगाडा उलटत नाही. हे पाय गादीखाली जातात, म्हणून ते चपटे ठेवावेत आणि त्यांच्यावरची गादी अधिक जाड असावी. आडवे हेलकावे थांबवायला मागे तिरपे आधार लागतात.

गच्चीवर भिंत बांधायची झाली तर वॉटरप्रूफिंगच्या कोब्यात एकही भोक पाडू नये. खालच्या मजल्यावर पाणी गळले की क्लाइंबिंगवरची चर्चा कायमची संपते.

आता प्लायवुड. जाडी १८ मिलिमीटर. १२ मिलिमीटरची पाटी दोन आधारांमध्ये लचकते आणि तिच्यातून नट उपटून येतात. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे रेषेच्या दिशेने फाटायची लाकडाची खोड तिच्यात उरत नाही आणि जवळजवळ पाडलेली शेकडो भोके ती सहन करते. ब्लॉकबोर्डमध्ये आत पट्ट्या आणि पट्ट्यांमध्ये फटी असतात, म्हणून दिसायला तसाच असलेला ब्लॉकबोर्ड इथे चालत नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर नकोच. सुतार सवयीने ब्लॉकबोर्ड सुचवतो, तेव्हा हे आधीच सांगून ठेवावे. कोरड्या हवेत आयएस ३०३ ची प्लाय पुरते; कोकणात, समुद्राजवळ किंवा उघड्यावर आयएस ७१० ची बीडब्ल्यूपी, म्हणजे बाजारात 'मरीन' म्हणतात ती घ्यावी. आठ फुटांची पाटी अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये जात नाही. जिना अरुंद असेल तर ती दुकानातच ४ बाय ४ ची कापून आणावी आणि सांधा येईल तिथे मागे आडवा आधार ठेवावा.

प्लाय उभी करण्याआधीच तिला भोके पाडून नट बसवतात. २०० मिलिमीटरच्या चौकटीत आखले तर एका पूर्ण पाटीवर ६ स्तंभ आणि १२ ओळी, म्हणजे ७२ भोके बसतात. पहिला स्तंभ कडेपासून ११० मिलिमीटरवर घेतला आणि मागचे आधार सुमारे ४०६ मिलिमीटरच्या अंतराने ठेवले, तर एकही भोक आधारावर येत नाही. आधारावर आलेले भोक वाया जाते, म्हणून आधी आधारांची जागा आखायची आणि मग भोकांची. ड्रिल पुढच्या बाजूने चालवावे, म्हणजे निघणाऱ्या चिरफळ्या मागे राहतात. मागून जो नट ठोकायचा त्याला टी-नट म्हणतात : चपटी चकती, मध्ये आटे असलेली नळी आणि प्लायमध्ये रुतणारे काटे. आपल्याकडे त्यात १० मिलिमीटरचा, म्हणजे एम१० बोल्ट बसतो. अमेरिकी पकडींचे बोल्ट तीन-अष्टमांश अशा इंची मापाचे असतात आणि ते एम१० च्या आट्यांत जात नाहीत; जबरदस्ती केली तर नट आणि बोल्ट दोन्ही मरतात. भोक नळीच्या बाहेरच्या व्यासाइतकेच हवे. आधी एका तुकड्यावर पाडून पाहावे, कारण सैल भोकातला नट काही महिन्यांत फिरू लागतो.

फिरणारा टी-नट ही या भिंतीतली सर्वांत छळवादी गोष्ट. बोल्ट आवळताही येत नाही आणि काढताही येत नाही, आणि भिंतीच्या मागे हात जायला जागा नसेल तर पकड कापून काढावी लागते. स्क्रूने बसवायचे टी-नट थोडे महाग असतात, पण काट्यांऐवजी स्क्रूने जखडलेले असल्यामुळे फिरत नाहीत. जिथे मागची बाजू कायमची बंद होणार आहे तिथे तेच घ्यावेत. काट्यांचे घेतले तर ठोकण्याआधी काट्यांना थोडा लाकडी गोंद लावावा, आट्यांना नव्हे. आणि शेवटचे रुतणे हातोडीने न करता पुढून वॉशर लावलेला बोल्ट आवळून करावे, म्हणजे नट सरळ बसतो. नट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. दमट हवेत साधा लोखंडी नट गंजून बोल्टला धरतो.

पाटी सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकत नाहीत, स्क्रूने किंवा बोल्टने जखडतात. प्लायला वाळू मिसळलेला खरखरीत रंग देण्याची पद्धत मोठ्या जिममधून आली आहे. घरी तिचा उपयोग कमी आणि गुडघे सोलण्याची हमी जास्त. पाणी रोखण्यापुरता वार्निशचा एक हात पुरे.

पकडींचे प्रकार नावांनी ओळखले जातात. पूर्ण हात मावतो तो जग, बोटांची टोके कशीबशी टेकतात ती क्रिंप, कड नसलेला गोल उतार म्हणजे स्लोपर, अंगठा आणि बोटांमध्ये चिमटायची ती पिंच, एक-दोन बोटे घालायची ती पॉकेट. त्याखेरीज नुसत्या पायांसाठी लहान चिप. नवी भिंत सजवताना लोक क्रिंप जास्त घेतात. खरे म्हणजे झुकलेल्या भिंतीवर जग आणि मोठ्या पिंचच जास्त वापरल्या जातात, त्यामुळे निम्म्याहून जास्त पकडी मोठ्या असाव्यात. पॉलियुरेथेनच्या पकडी हलक्या आणि चिवट असतात, पॉलिएस्टर रेझिनच्या स्वस्त पण जोरात आवळल्या तर तडकणाऱ्या. लाकडी पकड सुताराकडून किंवा घरीच होते. साग किंवा शिसवीचे उरलेले तुकडे, कडा गोल करून बारीक पॉलिश पेपरने घासलेले, बोटांच्या कातडीला रेझिनपेक्षा कितीतरी मायाळू असतात. लहान पकड एका स्क्रूवर फिरते, तिला दोन स्क्रू हवेत. बोल्टचे डोके पकडीच्या खाचेशी जुळले पाहिजे : सपाट खाचेला वॉशरसह दंडगोल डोक्याचा अ‍ॅलन बोल्ट, शंकूच्या खाचेला शंकूच्या डोक्याचा. ही अदलाबदल झाली की पकड फुटते.

गादीत काटकसर करू नये. दोन मीटरवरून पडलेला माणूस जमिनीला टेकताना ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटरच्या वेगात असतो. तो वेग किती अंतरात जिरतो यावर घोटा शाबूत राहतो की नाही ते ठरते. अंतर दुप्पट झाले की सरासरी जोर निम्मा होतो. कापसाची गादी इथे कामाची नाही, तिचा कापूस दबून गोळा होतो आणि तिच्यात पुन्हा जीव येत नाही. चांगली गादी दोन थरांची असते : वर कडक फोम, म्हणजे रिबॉन्डेड किंवा बंद छिद्रांचा, जो पायाखालचा भार रुंद जागेवर पसरवतो, आणि खाली मऊ पीयू फोम, जो दबतो. एकूण जाडी २० ते ३० सेंटिमीटर. थर उलटे लावले तर टाच मऊ फोममधून थेट जमिनीवर पोहोचते. दोन गाद्यांमधली फट ही घोटा मुरगळण्याची ठरलेली जागा, म्हणून सगळ्या गाद्या एकाच रेक्झिनच्या खोळीत घालाव्यात किंवा वर सलग जाजम ताणावे. गादी भिंतीच्या वरच्या कडेच्या ओळंब्यापुढे निदान दीड मीटर हवी, कारण झोक्याने पडणारा माणूस पुढेच फेकला जातो.

हातांना लावायची पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिम्नॅस्टिक्समधून ती चढाईत आणली अमेरिकेच्या जॉन गिलने, १९५० च्या दशकात. बंद खोलीत तिची धूळ पंख्यावर, पुस्तकांवर आणि फुप्फुसांत बसते. घरी स्पिरिटमध्ये कालवलेली लिक्विड चॉक बरी. पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने पकडी बुळबुळीत होतात तेव्हा आणखी पूड घालण्यापेक्षा पंखा भिंतीवर रोखावा. पकडी वेळोवेळी ताठ केसांच्या नायलॉनच्या ब्रशने घासाव्यात, आणि मळलेल्या काढून साबणाच्या पाण्यात धुवाव्यात. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट अ‍ॅलन कीने तपासावेत. पकड किंचित हलू लागली की ती त्या दिवशीच आवळायची. सांगाड्याचे सांधे आणि बीममधले अँकर सुरुवातीच्या काही आठवड्यांत जास्त वेळा पाहावे लागतात, कारण नवीन बांधणी बसते तेव्हाच सैल होते.

घरगुती भिंतीवर दुखापत पडण्यापेक्षा अतिसरावाने जास्त होते. भिंत शेजारच्याच खोलीत असल्यामुळे रोज चढले जाते, आणि बोटांतले कंडरांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे स्नायूंच्या मानाने फार हळू बळकट होतात. लहान क्रिंपवरचा आणि पाय न टेकवता करायचा सराव वाढत्या वयातल्या मुलांना देऊ नये. त्यांच्या बोटांच्या हाडांतला वाढीचा भाग कच्चा असतो आणि तिथे फ्रॅक्चर होते. मुलांसाठी मोठ्या पकडी आणि पाय भरपूर, एवढे पुरे. भिंत वापरात नसताना लहान मुले असलेल्या घरात खालच्या दोन ओळींच्या पकडी काढून ठेवण्याची पद्धत शहाणपणाची आहे.

भाड्याच्या घरात, किंवा पुढे घर बदलायचे असेल तर, सांगाडा पहिल्यापासूनच सुटा करता येईल असा आखावा. बोल्टच्या जोडांना आणि आधारांना बांधणीच्या वेळीच क्रमांक घालून ठेवले, तर दोन माणसे एका दुपारी भिंत उतरवतात. बीममध्ये राहिलेली अँकरची भोके इपॉक्सीने भरता येतात, प्लायच्या पाट्या नटांसकट नव्या घरी जातात, आणि कोन तेवढा तिथल्या छताप्रमाणे पुन्हा मोजावा लागतो.